गाडीत परवान्याचं पिस्तूल आहे आणि पोलिसाने थांबवलं, तर आपणहून सांगावं का?

टपरीवाला | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इथे मी बरीच वर्षं नुसता वाचक आहे. आज लिहितोय, कारण दोन आठवडे घरात एकाच विषयावर धुसफूस चालू आहे आणि मला खरंच बाहेरच्या माणसांचं मत हवंय.

मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो, कोलंबसच्या बाहेर. छोटं दुकान आहे: दूध, पाव, सिगारेट, लॉटरी. रात्री गल्ला बंद करून रोकड बँकेच्या पेटीत टाकायला मीच जातो. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गॅस स्टेशनवर दरोडा पडला. काउंटरवरचा मुलगा वाचला, पण आमची झोप उडाली. तेव्हा मी आठ तासांचं प्रशिक्षण घेऊन कन्सील्ड कॅरीचं, म्हणजे कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचं परमिट काढलं. २०२२ पासून ओहायोत परमिटची सक्ती नाही, तरी काढलं, कारण शेजारच्या राज्यात गेलो तर तेच कामी येतं. मी इथला नागरिक आहे, सगळं कायदेशीर आहे.

दोन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी रात्री दुकानातून निघालो. शेजारी चौदा वर्षांचा मुलगा. मागचा एक दिवा गेला होता म्हणून पोलिसाने थांबवलं. त्याने लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं. माझं पाकीट उजव्या मागच्या खिशात आणि पिस्तूलही उजव्याच कमरेला. पाकिटासाठी वळलो, जॅकेट वर सरकलं आणि त्याला होल्स्टर दिसलं. एका क्षणात त्याचा हात त्याच्या पिस्तुलावर गेला आणि तो ओरडला, हात स्टीअरिंगवर!

पुढे काही वाईट झालं नाही. त्याने मला खाली उतरवलं, पिस्तूल काढून घेतलं, नंबर तपासला. शेवटी मॅगझीन वेगळं करून परत दिलं आणि दिव्याबद्दल ताकीद देऊन सोडलं. माणूस वाईट नव्हता. पण त्या दहा-पंधरा सेकंदांत माझ्या तोंडाला जी कोरड पडली ती घरी पोचेपर्यंत गेली नाही. मुलगा घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

बायको म्हणते, तू आधीच का नाही सांगितलंस? माझं म्हणणं, ओहायोत आता विचारल्याशिवाय सांगायचं बंधन नाही आणि त्याने विचारलं नव्हतं. ती म्हणते, कायदा जाऊ दे, शेजारी पोर बसलं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुम्ही असता तर काय केलं असतं? ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांनी जरूर लिहा.

खारूताई | शनिवार, रात्री ११:३२

वहिनींशी शंभर टक्के सहमत. त्याला दिसणारच होतं ना? मग डोळ्यांनी दिसण्याआधी कानाने कळलेलं बरं.

दक्षिणवारा | रविवार, सकाळी ६:१५

मी ह्यूस्टनला असतो. टेक्सासमध्ये हा प्रश्न आमच्यापुरता सोपा आहे. पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि अंगावर पिस्तूल असेल, तर परवानाधारकाने ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर पिस्तुलाचा परवानाही दाखवायचा असा नियम आहे. न दाखवल्याबद्दलची शिक्षा २००९ मध्ये काढून टाकली, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी मी नेमाने दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून देतो. तोंडाने काहीच बोलावं लागत नाही.

आतापर्यंत तीनदा थांबवलंय. दोनदा पोलिसाने फक्त विचारलं, कुठे आहे? मी म्हटलं, उजव्या कमरेला. तो म्हणाला, ठीक आहे, तुम्ही त्याला हात लावू नका, मीही लावत नाही. तिसऱ्याने तर विचारलंही नाही, कार्डं परत दिली आणि जा म्हणाला.

दादा, तुमची चूक न सांगण्यात नाही, पाकीट आणि पिस्तूल एकाच बाजूला ठेवण्यात आहे. माझं पाकीट गाडीत बसलो की डॅशबोर्डवर जातं. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स वर सनव्हायझरला.

पुणेरी_थेंब | रविवार, सकाळी ७:५०

मुळात पिस्तूल हवंच कशाला? विमा काढा, कॅमेरे लावा, रोकड न्यायला कंपनीची गाडी येते ती बोलवा. घरात चौदा वर्षांचा मुलगा आणि कमरेला पिस्तूल, हे वाचूनच पोटात गोळा आला.

टपरीवाला | रविवार, सकाळी ८:२०

@पुणेरी_थेंब, तुमची काळजी समजते. घरात ते कुलपाच्या तिजोरीत असतं आणि किल्ली फक्त माझ्याकडे. रोकड न्यायच्या गाडीचा दर माझ्या दुकानाच्या नफ्याला परवडत नाही. ठेवावं की नाही यावर वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन मनापासून लिहीन. इथे मला एवढंच विचारायचंय की आता आहे, तर पोलिसासमोर कसं वागावं.

अबोली | रविवार, सकाळी १०:०५

मी सेंट पॉलला राहते, मिनेसोटात. हा धागा वाचल्यावर गप्प बसवेना.

६ जुलै २०१६ ची रात्र. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, फाल्कन हाइट्समध्ये लार्पेंटर अव्हेन्यूवर फिलँडो कॅस्टीलला पोलिसाने थांबवलं. कारण सांगितलं ब्रेकचा दिवा. टपरीवालादादा, तुमच्यासारखंच. वय ३२, जे. जे. हिल मॉन्टेसरी शाळेच्या स्वयंपाकघराचा पर्यवेक्षक. गाडीत त्याची मैत्रीण आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. त्याच्याकडे पिस्तुलाचं परमिट होतं. मिनेसोटाच्या कायद्यात पोलिसाने विचारलं तरच सांगायचं आहे. त्याने विचारण्याआधीच, शांतपणे, 'सर' म्हणून सांगितलं की माझ्याजवळ शस्त्र आहे.

पोलीस म्हणाला, त्याला हात लावू नको. तो म्हणाला, मी काढत नाहीये. आणि पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. बोलणं सुरू होऊन एक मिनिटही झालं नव्हतं. ती लहानगी मागेच बसलेली. पुढचं मैत्रिणीने फेसबुकवर थेट दाखवलं आणि सगळ्या जगाने पाहिलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो पोलीस निर्दोष सुटला.

फिलँडोला आधीच्या वर्षांत चाळीसहून जास्त वेळा गाडी चालवताना थांबवलं होतं. म्हणजे पोलिसाशी कसं बोलायचं हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तो खरं बोलला, आधी बोलला, आदराने बोलला.

मी त्या रात्रीनंतर महिनाभर मुलांना घेऊन त्या रस्त्याने गेले नाही. लोक तिथे फुलं ठेवायचे, शाळेतली मुलं चित्रं आणून लावायची. म्हणून कुणी 'सांगा, म्हणजे सगळं नीट होईल' असं ठामपणे म्हणतं तेव्हा माझा जीव खालीवर होतो. सांगू नका असं मी म्हणत नाही. सांगितलं की आपण सुरक्षित, असं कुणी मनात धरू नये, एवढंच म्हणते.

खारूताई | रविवार, सकाळी १०:४०

अबोली, वाचून सुन्न झाले. सकाळी मी फार सहज लिहून गेले. प्रतिसाद काढत नाही, पण आता तितकी खात्री राहिली नाही.

नांगरट | रविवार, दुपारी १२:३०

मी १९९८ पासून ओहायोत आहे. आधी इथल्या कायद्याची कहाणी सांगतो, म्हणजे टपरीवाला 'बंधन नाही' म्हणतात ते कुठून आलं ते कळेल.

१३ जून २०२२ पर्यंत इथे नियम असा होता की थांबवल्यावर पोलिसाला 'तातडीने' सांगायचं. आता तातडीने म्हणजे किती सेकंदांत? तो काच खाली करायला सांगत असताना? त्याचं वाक्य तोडून? २०११ मध्ये कँटन शहरात एका ड्रायव्हरच्या हातात परमिट होतं, तो बोलायचा प्रयत्न करत होता आणि पोलीस त्याला दर वेळी गप्प करत होता. शेवटी पिस्तूल आहे हे कळल्यावर पोलिसाने त्याला गोळी घालायची धमकी दिली. आणि वर गुन्हा कुणावर? ड्रायव्हरवर, तातडीने सांगितलं नाही म्हणून. पुढे तो आरोप टिकला नाही, पण त्या माणसाच्या मनाचं काय झालं असेल? पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्याचं ते चित्रण मी पाहिलंय. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे की सांगण्याची सक्ती नको.

याची दुसरी बाजू अशी की चोर-दरोडेखोर तर सांगणारच नाही. कायदा पकडतो कुणाला? ज्याने फी भरली, बोटांचे ठसे दिले, वर्गात बसला आणि ऐनवेळी घाबरून दोन वाक्यं उशिरा बोलला, त्याला.

आजचा ओहायोचा नियम असा: पोलिसाने विचारलं तर खरं सांगायचं, न सांगणं गुन्हा. हात दिसतील असे ठेवायचे आणि पिस्तुलाला हात लावायचा नाही, हाही कायदाच आहे, नुसता सल्ला नाही. टपरीवाला, तुम्ही कायद्यात होतात.

मध्यरात्र | रविवार, दुपारी ३:४५

मी मिशिगनमध्ये एका काउंटीत डिस्पॅचर आहे. रात्रपाळी. रस्त्यावरचा पोलीस गाडी थांबवण्याआधी नंबरप्लेट सांगतो, तेव्हा पलीकडून बोलणारा आवाज माझा असतो. त्यामुळे या प्रश्नाकडे मी दुसऱ्या काचेतून बघते.

आमच्याकडे नियम कडक आहे. कन्सील्ड पिस्तूल अंगावर किंवा गाडीत असेल आणि पोलिसाने थांबवलं, तर ताबडतोब सांगायचं. नाही सांगितलं तर पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड आणि परमिट सहा महिने निलंबित. तीन वर्षांत पुन्हा झालं तर १००० डॉलर आणि परमिट रद्द. अलास्का, नेब्रास्का, नॉर्थ कॅरोलायना इथेही आपणहून सांगावं लागतं.

आता रस्त्यावरची गोष्ट. मिशिगनच्या लायसन्सचा नंबर टाकला की त्या माणसाकडे परमिट आहे हे माझ्या स्क्रीनवर येतं. मी ते रेडिओवर सांगते. पण ते कळतं कधी? बहुतेक वेळा पोलीस लायसन्स घेऊन आपल्या गाडीत परत आल्यावर. त्याआधी खिडकीशी तो एकटा, अंधारात, समोरच्याचे हात शोधत उभा असतो. मला इथे त्याचा श्वास ऐकू येतो. 'स्टँड बाय' म्हणून तो गप्प झाला की माझी बोटं कीबोर्डवर थांबतात. ज्याने पहिल्या वाक्यात सांगितलं त्याच्याबद्दल पोलीस रेडिओवर वेगळ्या आवाजात बोलतो. हा फरक मी शेकडो वेळा ऐकलाय.

नांगरट, कँटनचा माणूस पोलिसाच्या उद्धटपणाचा बळी होता हे मला पूर्ण मान्य. पण त्यावर इलाज पोलिसाला शिकवण्याचा आहे, नियम काढून टाकण्याचा नाही.

@अबोली, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आमच्या प्रशिक्षणात ते चित्रण दाखवतात. खोलीत कुणी बोलत नाही नंतर.

नांगरट | रविवार, संध्याकाळी ५:१०

@मध्यरात्र, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, आणि श्वासाचं लिहिलंत ते लक्षात राहील. तरी माझा मुद्दा उरतोच. शस्त्र आहे म्हटलं की पोलिसाचे अधिकार वाढतात. १९७७ चा मिम्स खटला बघा. फिलाडेल्फियात मुदत संपलेल्या नंबरप्लेटसाठी गाडी थांबवली, ड्रायव्हरला उतरवलं, जॅकेटखाली फुगवटा दिसला, झडती घेतली, पिस्तूल निघालं. सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. २०१७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या प्रकरणात रिचमंडच्या अपील न्यायालयाने तर म्हटलं की शस्त्र आहे म्हणजे धोका आहे असं धरून झडती घेता येते, भले त्या राज्यात शस्त्र बाळगणं कायदेशीर का असेना. म्हणजे मी प्रामाणिकपणे सांगायचं आणि त्याबदल्यात मुलासमोर गाडीवर हात टेकून उभं राहायचं. हे मला पटत नाही.

मध्यरात्र | रविवार, संध्याकाळी ५:३५

मुलासमोर गाडीवर हात टेकून उभं राहणं वाईट दिसतं, मान्य. पण टपरीवालादादांना न सांगताही तेच करावं लागलं, आणि वर त्याआधी दहा-पंधरा सेकंद समोरच्याचा हात पिस्तुलावर होता.

सुकाणू | रविवार, रात्री ९:००

न्यू जर्सीतून लिहितोय. 'सांगा' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या: सांगण्याआधी आपण कुठल्या राज्यात आहोत ते बघा.

ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई, दोन मुलांची, अटलांटिक सिटीकडे निघाली होती. लेन बदलताना चूक झाली म्हणून थांबवलं. तिने पोलिसाला प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे, हे बघा पेनसिल्व्हेनियाचं परमिट. पण पेनसिल्व्हेनियाचं परमिट आमच्या राज्यात चालत नाही. तिला बेड्या पडल्या. काही वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाचं कलम होतं ते. पुढे खूप आरडाओरड झाली, शिक्षेऐवजी सुधारणेच्या कार्यक्रमात जायची मुभा मिळाली आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. तोवर दीड वर्ष गेलं.

आपल्याकडे ओहायोतून, पेनसिल्व्हेनियातून किती जण गाडी घेऊन एडिसनला येतात, नातेवाइकांकडे, अधिवेशनांना, नाटकाच्या प्रयोगांना. १९८६ च्या फेडरल, म्हणजे सगळ्या देशाला लागू असलेल्या कायद्याने प्रवासापुरती मुभा दिलीय, पण पिस्तूल रिकामं हवं, हाताशी नको, डिकीत कुलपात हवं, आणि निघालात तिथे व पोचणार तिथे दोन्हीकडे बाळगणं कायदेशीर हवं. कमरेला लावून न्यू जर्सीत आलात तर त्या कायद्याचा उपयोग नाही.

कुडाळचो | सोमवार, सकाळी ९:१५ (भारतीय वेळ)

मी कुडाळातून लिहितोय, विषयांतर वाटलं तर क्षमस्व. आमच्याकडे घरात शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, ठासणीची. रानडुक्कर आणि वांदर यांच्यापासून भात आणि नारळ वाचवायला आजोबांच्या काळापासून. तुमची पिस्तुलं जॅकेटखाली लपवलेली, आमची बंदूक खांद्यावर सगळ्या गावाला दिसते, त्यामुळे 'सांगावं का' हा प्रश्नच येत नाही. तरी नाकाबंदी लागली की बाबांची एक पद्धत ठरलेली. मोटरसायकल लांबूनच हळू करायची, बंद करायची, परवान्याचं पुस्तक हातात धरून मगच पुढे जायचं. बंदूक मागे बसलेल्याच्या खांद्यावर, नळी आभाळाकडे. मला सांगायचे, 'आधी कागद दाखव, मगे बोल.' शस्त्र कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे शस्त्र घेऊन जाणाऱ्याकडे पोलीस परवाना मागू शकतो, हे त्यांना कलमाचा आकडा माहीत नसताना ठाऊक होतं.

आमचा वैताग वेगळाच. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. नेमकं तेव्हा शेतात डुकरं येतात. मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट जमा करून घेऊ नका, प्रत्येकाचा विचार करा असं सांगितलंय, पण गावातला माणूस वाद घालत बसत नाही, जमा करतो आणि रात्री डबे बडवत राखण करतो.

दक्षिणवारा | सोमवार, सकाळी ६:४०

कुडाळचो, विषयांतर अजिबात नाही. 'आधी कागद' हेच मी दोन कार्डांनी करतोय की.

खारूताई | सोमवार, सकाळी ८:००

पोलिसाने थांबवल्यावर आपल्या माणसांची एक सवय जीवघेणी आहे, ती सांगते. गेल्या उन्हाळ्यात सासरे आले होते. नवऱ्याला वेगासाठी थांबवलं, तर सासरे लगेच दार उघडून खाली उतरले! आपल्याकडे मामाने शिट्टी मारली की उतरून जवळ जाऊन दोन शब्द बोलायची रीत, तीच त्यांच्या अंगात. पोलीस ओरडला, नवरा ओरडला, सासरे बिचारे हात जोडून उभे. गाडीत बसा, हात दिसू देत, हे आम्ही विमानतळावरून घरी येतानाच सांगायला हवं होतं. आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

रानवाट | सोमवार, सकाळी ११:२०

खारूताईंच्या सासऱ्यांवरून एक फार महत्त्वाचा मुद्दा आठवला. मी इमिग्रेशनच्या कामात आहे आणि हे आपल्या लोकांना बहुधा माहीत नसतं.

जे व्हिजिटर, एच-वन-बी (नोकरीचा), एच-फोर (त्यांच्या जोडीदाराचा) किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांनी बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. वैध शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही. २०२२ पासून या कलमाखाली कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. त्यावर पुन्हा बंदुकीचा गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण ठरतं.

आता चित्र डोळ्यासमोर आणा. मुलगा नागरिक, परमिटधारक. पिस्तूल ग्लव्ह बॉक्समध्ये. मुलगा दुकानात गेलाय आणि गाडीत पुढच्या सीटवर व्हिजिटर व्हिसावरचे बाबा, किंवा गाडी चालवतेय एच-फोरवरची सून. पोलीस आला. आता पिस्तूल कुणाच्या ताब्यात? यावर कोर्टात वाद घालता येईल, पण तो वाद घालायची वेळच का यावी? सांगावं की नाही हा प्रश्न पुढचा. अशा माणसांच्या हाताशी पिस्तूल ठेवून गाडीतून उतरू नका. घरीसुद्धा तिजोरीची किल्ली किंवा आकडा त्यांच्याकडे नको.

सुकाणू | सोमवार, सकाळी ११:४५

हे मला माहीत नव्हतं. माझा भाचा एच-वनवर आहे आणि मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जायचं म्हणत होता. त्याला आत्ताच फोन करतो.

रानवाट | सोमवार, दुपारी १२:०५

नक्की करा. रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरणं हेसुद्धा बाळगण्यात येऊ शकतं. आधी वकिलाला विचारू द्या.

खारूताई | सोमवार, दुपारी १:३०

@मध्यरात्र, एक विचारू? सांगायचंच ठरवलं तर नेमके शब्द कोणते? घाबरल्यावर माझं इंग्रजी पार कोलमडतं.

मध्यरात्र | मंगळवार, पहाटे ४:५०

पाळी आत्ता संपली, म्हणून उशीर.

शब्दांआधी हात. लाल-निळे दिवे दिसले की इंडिकेटर द्या, उजेडाची जागा बघून उजव्या कडेला थांबा, इंजिन बंद, आतला दिवा लावा, काच खाली, दोन्ही हात स्टीअरिंगवर वरच्या बाजूला. शेजारच्याचे हात डॅशबोर्डवर किंवा मांडीवर, उघडे. पोलीस येण्याआधी कागद शोधायला खाली वाकू नका. मागून त्याला फक्त तुमची वाकलेली पाठ दिसते.

मग शब्द. 'आय हॅव अ गन' हे वाक्य कधीही म्हणू नका. ट्रकच्या आवाजात त्याला त्यातला एकच शब्द ऐकू येतो, आणि तो शब्द धमकीसारखा ऐकू येतो. सुरुवात परमिटपासून करा: 'ऑफिसर, आय हॅव अ कन्सील्ड कॅरी परमिट अँड आय ॲम कॅरिंग. हाउ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?' एवढं बोलून थांबा. हात हलवू नका, बोटाने दाखवू नका, मान वळवूनही 'इथे आहे' असं दाखवू नका. तो विचारेल कुठे आहे, तोंडाने सांगा. आणि पाकीट काढायच्या आधी सांगा की पाकीट मागच्या खिशात आहे, काढू का? त्याने हो म्हटल्यावरच हात हलवा.

अबोली लिहितात ते खरं आहे, यातलं काहीही हमी देत नाही. माझ्या बाजूने मी एवढंच सांगू शकते की रात्री दोन वाजता रेडिओवर मला जे सुटकेचे श्वास ऐकू येतात, ते बहुतेक याच पद्धतीनंतर येतात.

पुणेरी_थेंब | मंगळवार, सकाळी ९:३०

माझे बाबा असते तर त्यांच्या उच्चारात 'परमिट टू करी' झालं असतं आणि पोलिसाने मागच्या सीटवरचा डबा उघडायला सांगितला असता. :)

मूळ मुद्द्यावर माझं मत तेच आहे, पिस्तूल नकोच. पण मध्यरात्र यांचा प्रतिसाद छापून गाडीत ठेवावा असा आहे. पिस्तूल नसलेल्यांनीसुद्धा.

अबोली | मंगळवार, सकाळी १०:१५

मध्यरात्र, मनापासून आभार. माझी मोठी मुलगी यंदा गाडी चालवायला शिकतेय. आमच्या घरात पिस्तूल नाही, पण हात कुठे ठेवायचे ते तिला आज संध्याकाळी दाखवणार आहे.

नांगरट | मंगळवार, सकाळी ११:००

सक्तीबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि बदलेल असं वाटत नाही. पण कायद्याने काय करायला लावावं आणि आपण स्वतः काय करावं, हे मी एकाच गाठोड्यात बांधत होतो. मला कुणी थांबवलं, तर शेजारी नातवंड असताना मीही सांगेन.

टपरीवाला | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, एवढं भरभरून लिहिलंत, काय बोलू. सगळे प्रतिसाद बायकोलाही वाचून दाखवले. अबोलीताईंचा प्रतिसाद वाचताना आम्ही दोघंही मध्येच थांबलो.

काल मुलगा पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल बोलला. मी मध्यरात्र यांचं लिहिणं मोठ्याने वाचत होतो, शेजारच्याचे हात डॅशबोर्डवर, तिथे तो म्हणाला, "बाबा, मी वर केले होते." मी विचारलं, काय? तो म्हणाला, पोलीस ओरडला तेव्हा मी दोन्ही हात वर केले होते, तुम्ही खाली उतरून परत येईपर्यंत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं, मी फक्त त्या पोलिसाच्या हाताकडे बघत होतो. बायको उठून आत गेली.

मग आम्ही ठरवलं. पाकीट डॅशबोर्डवरच्या क्लिपमध्ये, कागद सनव्हायझरला. मी आपणहून सांगणार, कायदा काहीही म्हणो. आणि पोरं बरोबर असतील तेव्हा पिस्तूल तिजोरीत, रोकड दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत. आज दुपारी ड्राइव्हवेमध्ये सरावही केला. मुलगा पोलीस झाला, टॉर्च घेऊन खिडकीशी आला. पहिल्या दोन वेळा माझा हात सवयीने खिशाकडे गेला. तिसऱ्यांदा नाही गेला.

@मध्यरात्र, पुढच्या महिन्यात मालासाठी मला एकट्याने डेट्रॉइटला यायचंय, रोकड असेल. माझं ओहायोचं परमिट तुमच्याकडे चालेल ना?

मध्यरात्र | रविवार, पहाटे ५:१०

दादा, मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या.

हो, तुम्ही ओहायोचे रहिवासी आणि परमिट ओहायोचं, म्हणून चालेल. परमिट घरी विसरू नका. तुमच्याकडे ते नसलं तरी चालतं, आमच्याकडे चालत नाही. आणि टोलेडो संपून मिशिगनची पाटी दिसली की लक्षात ठेवा, तिथून पुढे विचारायची वाट बघायची नाही. ताबडतोब सांगायचं.

टपरीवाला | रविवार, सकाळी ७:२५

परमिट आत्ताच पाकिटात लायसन्सच्या मागे ठेवलं. मागचे दोन्ही दिवेही बदलून घेतले.